पटल-प्रथिनांच्या रचनाशोधाचा इतिहास आणि जालन्याचा कापूस

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी, अंबड, भोकरदन या तालुक्यांत कापसाच्या पिकासंबंधीच्या शब्दांची टिपणे घेत असता प्रस्तुत लेखकास दोन शब्द वारंवार आढळले. एक ‘डोमकळी’. ज्या फुलाच्या पाकळ्या अळीने आतून तंतूंनी बांधून टाकल्या आहेत आणि जे त्यामुळे उमलत नाही, त्या फुलास हा शब्द लावतात. दुसरा शब्द ‘बीटी’. पहिला शब्द शेतातला. दुसरा मूळचा प्रयोगशाळेतील असून एका जिवाणूच्या लॅटिन नावाच्या दोन आद्याक्षरांपासून तो झाला, आणि आज तो मराठीत नामही आहे, विशेषणही आहे. हे दोन शब्द एकाच वाक्यात येऊ लागले, म्हणजे ‘बीटी’ वाणावरही डोमकळ्या दिसू लागल्या, तेव्हा त्या वाक्यामागे जीवरसायनशास्त्राचा फार लांबचा इतिहास उभा होता. पेशीच्या पटलात रुतून बसलेल्या प्रथिनांची रचना शोधून काढण्याचा तो इतिहास होय. जालन्याचे नाव त्या इतिहासाच्या ग्रंथांत येत नाही. ते यावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे पुढे मांडली आहेत.

प्रारंभी परिभाषेविषयी थोडे. ‘प्रोटीन’ला ‘प्रथिन’ हा शब्द मराठीत पूर्ण रुळला आहे. पेशीभोवतीच्या पातळ आवरणास शालेय पुस्तके ‘प्रद्रव्यपटल’ अथवा ‘पेशीपटल’ म्हणतात. ‘पापुद्रा’ हा घरगुती शब्द त्यापेक्षा जवळचा आहे खरा. परंतु पापुद्रा हा सुटा, कोरडा, सोलून काढता येणारा असतो, आणि येथे अभिप्रेत असलेली वस्तू स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांची, जवळजवळ द्रवरूप, सतत हालणारी आहे. म्हणून ‘पटल’च बरे. मात्र ‘रिसेप्टर’साठी योजलेला ‘ग्राही’ हा शब्द कोशांच्या बाहेर फारसा पडलेला नाही. या एका शब्दाच्या अभावाकडे आपणास पुढे परत यावे लागेल.

पटल दोन थरांचे असावे हे गोर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ मध्येच सुचविले होते, आणि स्निग्ध द्रव्याच्या या पटलात प्रथिने तरंगत असतात असे चित्र सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले. प्रथिनांची रचना शोधण्याचे शास्त्र तोवर बरेच पुढे गेले होते. केंब्रिज येथे केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये स्नायूतील मायोग्लोबिनाची आणि पेरूट्झ यांनी त्यापाठोपाठ रक्तातील हिमोग्लोबिनाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. दोघांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनाच्या साखळीला कोणकोणती वळणे घेणे शक्य आहे याचा जो नकाशा १९६३ मध्ये मद्रास येथून गो. ना. रामचंद्रन् व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, तो आजही प्रत्येक नव्या रचनेच्या तपासणीत वापरला जातो. परंतु ही सारी प्रथिने पाण्यात विरघळणारी होती. क्ष-किरणांची पद्धत स्फटिक मागते. स्फटिकासाठी प्रथिन शुद्ध व विरघळलेले हवे. पटलातील प्रथिनाचा मधला पट्टा तेलाशी सख्य ठेवणारा आणि दोन्ही टोके पाण्याशी सख्य ठेवणारी. त्यास पटलातून उपटून पाण्यात आणले की त्याचा गोळा होऊन ते तळाशी बसते. साबणासारखी द्रव्ये भोवती घालून त्यास विरघळवावे, तर त्या साबणाच्या वेष्टनामुळे एक रेणू दुसऱ्यास नीट लागत नाही आणि स्फटिक बनत नाही. सजीवांच्या जनुकांपैकी पाचवा ते तिसरा हिस्सा अशा प्रथिनांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या अडचणीचे स्वरूप कळते. ग्रंथालयातील एवढी पुस्तके केवळ भिजतील म्हणून कोणी उघडीत नाही, अशी ती अवस्था होती.

ही अडचण कोणी अंगावर घेतली, हा प्रश्न विद्यापीठातील वाचकांस विशेष महत्त्वाचा वाटावा. ती बहुतांशी घेतली डॉक्टरेट नुकतीच संपविलेल्या तरुणांनी. ज्यांना अद्याप कायमचे पद नव्हते आणि ज्यांच्यावर अध्यापनाचा भारही नव्हता. रिचर्ड हेंडरसन यांनी केंब्रिजला कायमोट्रिप्सिन या पाचक विकरावर प्रबंध लिहिला आणि १९७० मध्ये ते येल विद्यापीठात डॉक्टरेटोत्तर संशोधनासाठी गेले. तेथे त्यांनी चेतातंतूच्या पटलातील सोडियमच्या मार्गिकेचा विषय हाती घेतला. तो साधला नाही. त्या जातीच्या मार्गिकेची पहिली तपशीलवार रचना, तीही एका जिवाणूतील, २०११ मध्ये मिळाली. म्हणजे चाळीस वर्षांनी. अपयशाची ही तीन वर्षे वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही, कारण पटल-प्रथिनाचे वेड तेथेच लागले. १९७१ मध्ये ओएस्टरहेल्ट व स्टोकेनियस यांनी मिठागरांत वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलातील प्रथिनाचे वर्णन केले होते. या पटलात ते प्रथिन निसर्गतःच ओळीने, जणू सपाट स्फटिकाप्रमाणे, मांडलेले असते. केंब्रिजला परतल्यावर हेंडरसन यांनी नायजेल अन्विन यांच्या सहकार्याने ते उपटून काढण्याचा नाद सोडला. पटल तसेच ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अत्यंत मंद किरणांत त्याची चित्रे घेतली, आणि हजारो रेणूंची सरासरी काढून १९७५ मध्ये सात अँगस्ट्रॉम सूक्ष्मतेचा आराखडा प्रसिद्ध केला. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) पटलाच्या आरपार गेलेले सात मळसूत्री दांडे त्यात प्रथमच दिसले. याच प्रथिनाचा अमिनो आम्लांचा अनुक्रम १९७९ मध्ये हरगोविंद खुराना यांच्या व ओव्हचिनिकोव्ह यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लावला. अनुक्रम आणि आकृती यांची सांगड घालून अणूंपर्यंत पोहोचलेले चित्र हेंडरसन यांनी १९९० मध्ये दिले. एका मजकुराच्या वाचनास पंधरा वर्षे. शिलालेख वाचणाऱ्यांस हा वेळ काही फार वाटणार नाही.

दुसरी वाट हार्टमुट मिशेल यांची. ओएस्टरहेल्ट यांच्याकडे डॉक्टरेट झाल्यावर तेथेच राहून, पटल-प्रथिनांचे स्फटिक होतच नाहीत या सार्वत्रिक समजुतीविरुद्ध ते झगडत राहिले. योग्य साबण आणि त्यासोबत साबणाच्या वेष्टनास आवळून लहान करणारे एक छोट्या रेणूंचे द्रव्य, ही त्यांची युक्ती. १९८१ मध्ये प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एका जिवाणूच्या मुख्य प्रथिनसंचाचे स्फटिक त्यांना मिळाले. डायझेनहोफर व हुबर यांच्यासह १९८५ मध्ये रचना प्रसिद्ध झाली, आणि १९८८ चे नोबेल तिघांना मिळाले. रॉडरिक मॅकिनन यांनी वैद्यकाचा व्यवसाय सोडून ब्रँडाइस विद्यापीठात ख्रिस्तोफर मिलर यांच्याकडे डॉक्टरेटोत्तर काम धरले, स्फटिकशास्त्र त्याहूनही उशिरा शिकले आणि १९९८ मध्ये पोटॅशियमच्या मार्गिकेची रचना दिली. त्यानंतरचा विस्तार येथे देण्याचे कारण नाही. गोठविलेल्या नमुन्यांवरील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने २०१३ पासून स्फटिकाची अटच बऱ्याच अंशी काढून टाकली एवढे सांगितले म्हणजे पुरे. हेंडरसन यांना २०१७ चे नोबेल मिळाले ते याच पद्धतीसाठी, दुबोशे व फ्रँक यांच्यासमवेत. महाराष्ट्रात, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, मेंदूतील ग्लुटामेट-ग्राहींच्या कुळातील एका पटल-प्रथिनाची रचना २०२० मध्ये याच पद्धतीने प्रसिद्ध झाली आहे.

आता जालन्याकडे वळू. त्यासाठी पुन्हा केंब्रिजहूनच निघावे लागते, आणि ते योगायोगाने नव्हे.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू १९०१ मध्ये जपानात इशिवाता यांना रेशमाच्या रोगट किड्यांत आणि १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातील पतंगाच्या अळ्यांत आढळला. बीजाणू तयार होताना हा जिवाणू आपल्या शरीरातच प्रथिनाचा एक स्फटिक बनवितो, आणि अळीस मारणारे द्रव्य हा स्फटिकच होय, हे १९५० नंतरच्या काही वर्षांत हॅने व अँगस यांच्या कामातून स्पष्ट झाले. येथे एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. ज्या काळी प्रयोगशाळांतून पटल-प्रथिनाचा एक स्फटिक मिळविण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे झुरत होती, त्या काळी पटलावर हल्ला करणारे हे प्रथिन मातीतील एक जिवाणू आयते स्फटिकरूपात बनवून ठेवीत होता. १९९१ मध्ये जेड ली, कॅरोल व एलर यांनी केंब्रिजहून या कुळातील एका प्रथिनाची, भुंग्यांच्या अळ्यांवर चालणाऱ्या क्राय-३ए ची, अडीच अँगस्ट्रॉम सूक्ष्मतेची रचना प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत. पहिल्यात एका मळसूत्री दांड्याभोवती सहा दांड्यांचे कडे आहे. आणि हेच दांडे अळीच्या आतड्याच्या पटलात घुसून छिद्र पाडीत असावेत, असा तर्क लेखकांनी केला. जांभळ्या पटलातील सात दांडे आदल्याच वर्षी अणूंपर्यंत वाचले गेले होते, हे लक्षात ठेवले म्हणजे हा तर्क एवढ्या सहजपणे का सुचला ते कळते.

अळीच्या पोटात घडते ते असे. तिच्या आतड्यातील रस आम्लधर्मी नसून अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो. पाचक विकरे लांब प्रथिनाचा जवळजवळ अर्धा भाग कापून टाकतात. उरलेला तुकडा आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट प्रथिनांस जाऊन चिकटतो, त्यानंतर पटलात शिरतो, छिद्र पडते, पेशी फुटतात. माणसाच्या किंवा गुराच्या आतड्यात ती चिकटण्याची प्रथिनेच नाहीत, म्हणून त्यांस अपाय होत नाही. म्हणजे सारी भिस्त मधल्या ‘चिकटण्या’वर आहे. विष आणि ग्राही, किल्ली आणि कुलूप, असे हे दोन पक्ष. किल्लीची आकृती १९९१ मध्ये हाती आली होती. कुलपे कोणती, एवढे ओळखण्यासच १९९४–९५ उजाडले, जेव्हा तंबाखूवरील एका अळीच्या आतड्यातून अशी दोन प्रथिने वेगळी काढण्यात आली. त्यांपैकी एक कॅढेरिन कुळातील आहे. एटीपी जाळून पदार्थ पटलाच्या आरपार नेणारी एबीसी कुळातील वाहक प्रथिनेही यात गुंतलेली आहेत, हे तर २०१० मध्ये समजले. कुलूप पटलात बसलेले होते, आणि पटलात बसलेले ते सारे उशिराच वाचले जाते.

दरम्यान किल्ली जालन्यास येऊन पोहोचली होती. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला; परंतु बियाण्यांचे गाव म्हणून त्याची ख्याती त्यापूर्वीची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे ‘महिको’, स्थापिली. सुरत येथे १९७० मध्ये कापसाचे पहिले संकरित वाण निघाले आणि पुढे संकरित कापसाचे बियाणे हा जालन्याच्या अर्थकारणाचा एक कणाच झाला. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीकडून क्राय-१एसी हे जनुक घातलेल्या कापसाचे अवघे शंभर ग्रॅम बी आयात करण्याची अनुमती महिकोस १९९५ मध्ये मिळाली. त्या बियाण्यावरून हे जनुक देशी संकरांच्या पालक-वाणांत उतरविण्याचे काम झाले. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांस लागवडीची परवानगी दिली. क्राय-२एबी हे दुसरे जनुक जोडलेले वाण २००६ मध्ये आले. बारवाले यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळाले ते १९९८ मध्ये. मॅकिनन यांची मार्गिका त्याच वर्षाची. दोहोंचा परस्पर संबंध काही नाही, पण कालपट मांडताना ही दोन टाचणे शेजारी बसतात.

या ठिकाणी भाषेच्या अभ्यासकाने दोन शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही. मराठीत फवारणीच्या विषास ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारले’ हा प्रयोग सर्वत्र आहे. बीटीचे वर्णन शेतकऱ्यापुढे आले ते याच व्याकरणात: बियाण्यातच औषध आहे, अळी खाते आणि मरते. या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, परिणाम आहे; ज्या पटलावर आणि ज्या ग्राहीवर सारे अवलंबून आहे ते मात्र कोठेच नाही. औषधाचा जोर कमी होतो, हे या व्याकरणात समजते. कुलूपच बदलते, हे समजत नाही. आणि बिगर-बीटी आश्रय-पिकाचा सारा हेतू तर कुलपाच्याच कथेत आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची लहान पिशवी मिळे. ती शेताच्या कडेने पेरावी असा नियम होता. त्याचे कारण असे: ग्राहीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच अळी विषातून वाचते. बीटीवर वाचलेल्या अशा पतंगाचा संयोग बिगर-बीटीवर वाढलेल्या निरोगी कुलपाच्या पतंगाशी झाला, तर संततीत एक प्रत चांगली राहते आणि ती संतती बीटीवर मरते. म्हणजे कडेच्या ओळीत अळ्या जगू द्यावयाच्या त्या याचसाठी. ‘ग्राही’ हा शब्द वगळून हे कारण मराठीत सांगून पाहावे. ते अळ्या पाळण्याचा सल्ला वाटते. ती लहान पिशवी बहुधा बांधावर पडून राहिली, यात नवल नाही.

या विवेचनाचा विपर्यास होऊ नये म्हणून येथेच सांगितले पाहिजे की, सारा दोष एका शब्दावर टाकण्याचा लेखकाचा हेतू नाही. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने काही ओळी अळीसाठी सोडाव्यात ही अपेक्षाच कठीण होती. शिवाय गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कापसावरच जगते. तूर-हरभऱ्यावरही वाढणाऱ्या हिरव्या बोंडअळीस जालन्यासारख्या तुरीच्या मुलखात जो नैसर्गिक आश्रय मिळतो, तो हिला नाही. भारतात बीटी आले ते संकरित वाणांतून. संकरित झाडाच्या बोंडातील सर्व सरक्या सारख्या नसतात. एका जनुकाच्या वाणात सुमारे चौथा हिस्सा विषरहित निघतो, आणि ही अळी तर सरकीच खाते. मग दीर्घ मुदतीची झाडे, आणि त्यांवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड. एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजते, अळी फवाऱ्याच्या कक्षेबाहेर जाते. या सर्व कारणांचा भार मोठा आहे. परंतु ही कारणे कृषिविद्येच्या ग्रंथांतून मांडली गेली आहेत. शास्त्रीय ज्ञानाच्या क्रमाचे, म्हणजे आधी काय दिसले आणि मागाहून काय दिसले याचे, कारण मांडले गेलेले नाही, म्हणून त्यावर येथे जोर दिला आहे.

कारण तो क्रम विलक्षण आहे. अमेरिकेतील अॅरिझोनाच्या गुलाबी बोंडअळीत क्राय-१एसी पचविण्याची शक्ती कॅढेरिनच्या जनुकातील बिघाडांशी निगडित असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटीस भारतात परवानगी मिळून तेव्हा एकच वर्ष लोटले होते. गुजरातच्या काही जिल्ह्यांत ही अळी क्राय-१एसी ला दाद देत नाही, हे २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले. भारतीय शेतांतील अळ्यांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कॅढेरिनच्या जनुकाचे खंड जोडताना होणाऱ्या चुकांचे अनेक प्रकार सापडले. जनुकाचा मजकूर सलग नसतो. मधले निरर्थक खंड गाळून उरलेले जोडावे लागतात. पदच्छेद चुकला की अर्थ बिघडतो, हे संस्कृतच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. या अळ्यांत नेमका पदच्छेद चुकत होता, आणि तोही एका प्रकारे नव्हे. भिन्नभिन्न चुकांतून तेच फळ निघत होते, की विषास चिकटावयास जागा राहात नव्हती. लेखनिकाची चूक एका पोथीला खराब करते. येथे ती अळीस तारीत होती.

दुसरे जनुक हा त्यावरचा उपाय समजला गेला होता. परंतु नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने केलेल्या २०१० ते २०१७ च्या पाहणीत मध्य व दक्षिण भारतातील गुलाबी बोंडअळ्यांत दोन्ही विषांना प्रतिकार वाढत गेल्याचे दिसले, आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात या अळीने एवढी हानी केली की राज्य शासनास डिसेंबरात आर्थिक मदत जाहीर करावी लागली. जालना जिल्हाही त्यातून सुटला नाही. बारवाले त्याच वर्षीच्या जुलैमध्ये निवर्तले होते.

आज अनुक्रमावरून आकृतीचे भाकीत करणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्या कर्त्यांस २०२४ चे नोबेल मिळाले. अळीच्या पटलातील वाहक प्रथिनाचा आराखडाही आता अनुक्रमावरून काही तासांत मागता येतो. तो आराखडा एकट्या प्रथिनाचा असतो. विष त्यास कोठे लागते आणि लागल्यावर पटलात काय घडते, हे त्यातून आपोआप निघत नाही. जेड ली यांच्या १९९१ च्या आकृतीलाही हीच मर्यादा होती. ती पाण्यात विरघळलेल्या रूपाची आकृती होती, पटलात शिरलेल्या रूपाची नव्हे. कोणते दांडे आत शिरतात आणि किती रेणू मिळून एक छिद्र बनते, यावरील वाद त्यानंतर अनेक वर्षे चालू राहिला.

क्राय-२एबी च्या बाबतीत कुलूप कोणते, हे गुलाबी बोंडअळीसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एबीसी कुळातील ‘ए-२’ हे वाहक प्रथिन ते. आणि अमेरिकेच्या प्रयोगशाळेत निवडलेल्या अळ्यांत व भारताच्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत, दोहोंतही, त्याच्या जनुकाचा पदच्छेद चुकलेला आढळला. त्या वर्षीच्या मृगात जालना जिल्ह्यात कापसाची जी लागवड झाली, ती याच दोन जनुकांच्या बियाण्याची होती.